पहिल्या दुधाचा हिवाळा

दूधवाल्याची म्हैस पुन्हा व्याली. सकाळी धुक्यातून आधी त्याच्या कॅनचा खडखडाट आला, मग सायकल, मग पगडी आणि सगळ्यात शेवटी माणूस. रोजच्या दुधाबरोबर त्याने आईच्या हातात एक वेगळा डबा ठेवला. आत पिवळट, दाट, बोटाला चिकटणारं दूध. चीक. आईने गूळ चिरला, वेलची कुटली, जायफळ किसलं आणि कुकरची शिट्टी काढून भांडं आत ठेवलं. थोड्याच वेळात घरभर तो गोड, उबदार वास. वड्या पाडायला आईने सुरी घातली तेव्हा तो मऊ गोळा सुरीखाली थरथरला आणि मी पाटावरून उठले.

"एक वडी तरी खाय वो," आई म्हणाली. ती दर हिवाळ्यात म्हणते. मी दर हिवाळ्यात उठते.

खरवस मला आवडायचा. अमरावतीला असताना त्याच्यासाठी मी चुलत भावंडांचे केस उपटले आहेत. आता तो वास आला की माझ्या मुठी वळतात, आणि खिडकीबाहेरचं पांढरं धुकं एका लांबलचक वॉर्डाच्या चादरींसारखं दिसू लागतं.

बाबांच्या बदलीने आम्ही आलो त्या या उत्तरेकडच्या शहरात सगळं आखून दिलेलं आहे. रस्ते सरळ, चौक मोठे, कुठल्या घरात ऊन कधी शिरेल तेही कागदावर आधी ठरलेलं. परदेशातून लोक इथल्या काँक्रीटचे फोटो काढायला येतात. धुकं तेवढं नकाशाला जुमानत नाही. जानेवारीत ते डोंगराच्या पायथ्याकडून उतरतं आणि सेक्टरामागून सेक्टर गिळत जातं. ज्यांनी उन्हाचे कोन मोजले त्यांना, नुकत्याच जन्मलेल्या पोरीच्या तळपायांना किती गारठा सोसतो हे मोजायचं सुचलं नव्हतं. किंवा सुचलं असेल. पण ते मोजायचं काम ज्यांच्याकडे दिलं, त्यांनी मोजलं नाही.

काही वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. माहेर म्हणजे काय, तर बाबांच्या बदलीने मिळालेलं सरकारी क्वार्टर. अंगणात तुळस होती, पण कुंडीत, कारण कुंडी ट्रकमध्ये चढवता येते. पलंगाखाली बाबांच्या युनियनची पत्रकं गठ्ठ्यांनी रचलेली असत. मी त्याच कागदांवर वाढले. मुळाक्षरांनंतर मी पहिलं सबंध वाक्य वाचलं ते 'एकजुटीचा विजय असो'. शोषण, हक्क, लढा हे शब्द मला मामा-मावशीइतके घरचे होते. अठराव्या वर्षी मला वाटे की जगातला प्रत्येक अन्याय कुठल्या ना कुठल्या पत्रकात आलेलाच आहे.

मग मी प्रसूतीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले.

इस्पितळ सरकारी होतं. त्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा सुटतो. म्हणतो, हां, ते ना, ते तसलंच आहे. भिंतीपलीकडून ताईची किंकाळी आली आणि पाठोपाठ चापटीचा आवाज. उघड्या मांडीवर बसलेल्या चापटीचा आवाज गालावरच्या चापटीसारखा नसतो. तो जाड असतो, ओला असतो. मग एका बाईचा शांत, कंटाळलेला आवाज: "तब तो मज़ा आया था. अब काहे को चिल्ला रही है?" आणि दोघी-तिघींचं हसू. पुन्हा चापट.

मी उठले. आईने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. "गप बस. तिचा जीव त्यायच्या हातात आहे."

हे मी कुठल्याच पत्रकात वाचलं नव्हतं. बाबांच्या लढ्यात साहेब वर असतो, कामगार खाली असतो आणि मधे टेबल असतं. इथे टेबलावर माझी बहीण होती, पाय बांधलेली, आणि तिला मारणाऱ्या हातांनाच आम्ही मनातल्या मनात नमस्कार करत होतो.

शेवटी आया बाहेर आली. "कुड़ी," म्हणाली. बस भरली आहे असं कंडक्टर सांगतो त्या स्वरात. मुलगी झाली होती.

त्या मुलीला ताईने डोळे भरून पाहिलंही नाही. पाळण्यांची खोली वेगळी होती, वॉर्डाच्या टोकाला, मोठ्या काचेमागे. बाळं तिथे आणि आया इथे. आया म्हणजे जन्म देणाऱ्या. तिसऱ्या दिवसापर्यंत बाळ आईला द्यायचं नाही, नंतर द्यायचं ते ठरलेल्या वेळी, आणि घंटा झाली की ओढून न्यायचं. काचेशी उभं राहून आपलं गाठोडं कोणतं ते शोधायचं. वॉर्डाच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता आणि त्याच्याखाली बाळाला छातीशी धरलेली हसरी आई. तिच्यासमोर दोन ओळींत पंचवीस-तीस बायका रिकाम्या हातांनी पडलेल्या.

सिस्टरच्या टेबलावर पावडरच्या दुधाच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. गुबगुबीत, गोरं, कुठल्या देशातलं कोण जाणे असं बाळ. त्या कॅलेंडरवर तारखांपेक्षा डबा मोठा होता.

पहिल्याच दुपारी आया एनॅमलची वाटी घेऊन आली. न विचारता ताईचा ब्लाउज उघडला आणि शेळी पिळावी तशी ती तिला पिळू लागली. ताईने उशीचं टोक दातात धरलं. वाटीत पिवळे, दाट थेंब पडले. "गंदा है ये," आया म्हणाली. "पस होती है इसमें. निकालना पड़ता है." आणि उठून ती वाटी तिने कोपऱ्यातल्या मोरीत उलटी केली, वर पाणी ओतलं.

मी आईकडे पाहिलं. ती मान हलवत होती, होकारार्थी.

"बरोबरच आहे," ती म्हणाली. "आपल्याकडंही पहिलं दूध देत नाहीत. पचत नाही लेकराले. तुमाले दोघींले मी मध चाटवला होता, सोनं उगाळून."

पांढऱ्या इस्त्रीचा गणवेश आणि माझ्या आईच्या गावची रीत यांचं एरवी कशातच जमलं नसतं. डिंकाचे लाडू गेटावर अडवले गेले, ओव्याची धुरी तर दूरच. पण आईचं पहिलं दूध मोरीत ओतायचं, यावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं. एकमत झालं की बाई कोणाकडे दाद मागणार?

ताईच्या शेजारच्या खाटेवर संतोष होती. जवळच्या कुठल्या तरी खेड्यातली, हरयाणाच्या बाजूची. रुंद पंजे, मोठं हसू, मुलगा झालेला, म्हणून सासू दोनदा पदराआड तूप घेऊन येऊन गेलेली. टाके दुखत असताना ती हसायची आणि हसण्याने टाके दुखले की शिव्या द्यायची. मला म्हणाली, "तेरी मराठी म्ह गाळ क्यूकर दे सैं? सिखा दे मन्नै. सिस्टर नै दूँगी."

मी तिला सिस्टरला द्यायला "मुडदा बशिवला तुझा" ही शिवी शिकवली. अर्थ सांगितल्यावर ती खूश झाली. सिस्टर पाठमोरी झाली की खाटेवरून कुजबुजायची, "मुड़दा बसिवला," आणि ताई पोट धरून हसायची. त्या वॉर्डात मी ऐकलेलं तेवढंच हसू.

खिडकीची एक काच फुटलेली होती. तिथून धुकं सरळ आत यायचं, पाहुण्यासारखं. मी घरून बाबांची पत्रकं आणून त्या भोकात कोंबली. 'महागाई भत्ता आमच्या हक्काचा' ही ओळ उलटी होऊन वॉर्डाकडे बघत राहिली. निदान कशाला तरी उपयोग झाला, असं तेव्हा मला वाटलं होतं. आता ते आठवलं की हसू येत नाही.

राउंडला एक डॉक्टर यायचे, आपले मराठी. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला सगळ्यात पुढे, आवाज गोड. ताईला वाटलं, देवच पावला. ती म्हणाली, "डॉक्टर, मुलगी माझ्याजवळ द्या ना. त्या खोलीत थंडी आहे हो."

"अहो, तिथे शिकलेला स्टाफ आहे. आईजवळ ठेवलं की इन्फेक्शन होतं."

"मग दूध?"

"पावडरचं देतायत. उत्तम असतं. तुमचं खरं दूध यायला अजून वेळ आहे." मग आईकडे वळून, हसून: "काकू, संक्रांतीला तिळगूळ पाठवा हं मंडळात. तुमच्या हातचा."

आईला केवढं बरं वाटलं! आपलं माणूस. मलाही त्या क्षणी बरं वाटलं. चापट मारणारा हात ओळखता येतो. गोड बोलून आपल्याला खाटेवर परत झोपवणारा हात ओळखायला वेळ लागतो.

दुसऱ्या सकाळी आया एक गाठोडं घेऊन आली आणि संतोषच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "ठंड लग गई इसको. भगवान की मर्ज़ी."

संतोषने दुपटं उघडलं. आत तिचा मुलगा होता, निळा, छोटा, चेहऱ्यावर कसलाही राग नसलेला. ती रडली नाही. तिने त्याच्या अंगाखालचं दुपटं हळूच ओढून काढलं आणि दोन्ही हातांनी पिळलं. त्यातून पाणी गळलं. फरशीवर, तिच्या पायांवर, थेंबामागून थेंब. ती पिळत राहिली. "गील्ला सै," एवढंच म्हणाली, आमच्या सगळ्यांकडे बघत. ओलं आहे. कुणी तरी सांगावं की ओलं नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

दुपारपर्यंत तिच्या छातीत दूध दाटलं. ते कुणाला विचारून येत नाही. आयाने चादरीची पट्टी फाडली आणि तिची छाती करकचून बांधून टाकली.

ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला काय दिसत होतं ते मला कळत होतं. काचेमागे, त्याच रांगेत, तिची मुलगी होती.

त्याच दुपारी आई डबा घेऊन आली, गेटवाल्याच्या हातावर आधी दोन वड्या ठेवून. दूधवाल्याची म्हैस व्याली होती. आईने सगळा चीक लावून खरवस केला होता, वॉर्डभर वाटण्यासाठी. सिस्टरला चार वड्या, आयांना दोन-दोन, म्हणजे पोरीकडे जरा बघतील. परक्या गावात लेकीसाठी आई अजून काय करणार? "घे," तिने ताईपुढे वडी धरली. "ताकदीचं असतं. चिकासारखं दुसरं काही नाही, अंगात जीव भरते."

ताईने वडीकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या मोरीकडे. शिकल्यापासून ताई पुण्याच्या लोकांसारखं बोलायची, पण त्या वेळी तिच्या तोंडून आमच्या गावचीच बोली आली.

"म्हशीचा चीक मले," ती म्हणाली, "अन् माझा मोरीत?"

आईचा हात तसाच राहिला. मी माझ्या आईला पुष्कळदा रागावलेली, दमलेली, घाबरलेली पाहिलेली आहे. स्वतःचंच वाक्य तोंडावर आपटलेली तेव्हा एकदाच पाहिली.

ताईने डबा तिच्या हातातून घेतला आणि खाटेवरून पाय खाली सोडले. टाके ताजे होते. पाऊल टाकलं तशी पांढऱ्या साडीवर लाल रेघ उतरली. भिंत धरत, वाकून, ती चालू लागली. सिस्टर टेबलामागून ओरडली, "ऐ! बेड पे जा! सुनती नहीं?" ताई चालत राहिली. सिस्टर धावली आणि तिने ताईची वेणी धरून मागे हिसडा दिला. ताईची मान मागे गेली, घशातून आवाज आला, आणि मी सिस्टरच्या हाताला चावले. होय, दातांनी. निवेदनं, शिष्टमंडळं, निदर्शनं, सगळं शिकलेली मी. वेळ आली तेव्हा माझ्याजवळ दात होते.

ताईने डबा काचेवर फेकला.

पितळी डबा होता, जड. काच आधी तडकली, क्षणभर तशीच उभी राहिली, मग खळ्ळकन खाली आली. काचा आणि खरवसाच्या वड्या एकत्र फरशीवर पसरल्या. आतलं सगळं दिसलं. पाळण्यांच्या रांगा. बाळांच्या तोंडांना टेकवून ठेवलेल्या बाटल्या, खाली कापडाच्या घड्या, म्हणजे धरायला माणूस नको. खोलीत एक हीटर होता. तो पाळण्यांकडे पाठ करून खुर्चीकडे तोंड करून ठेवलेला, आणि खुर्चीत एक बाई स्वेटर विणत बसलेली. गुलाबी, लहान मापाचा. स्वतःच्या घरच्या बाळासाठी असणार.

ताई काचांवरून आत गेली. आपली मुलगी तिने कशी ओळखली, विचारू नका. दुपटं ओलं होतं. तळपाय जांभळे. तिने ते कापड ओढून फेकलं, नागडी पोर ब्लाउजच्या आत छातीवर घातली आणि वरून साडी गुंडाळून भिंतीला टेकून खाली बसली. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग साडीत काहीतरी हललं आणि ताईने श्वास आत ओढला. दात नसलेला जीव असा तुटून पडू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"बच्चा वापस रखो!" सिस्टर आत घुसली, हातातून रक्त गळत होतं. तिच्यापुढे माझी आई उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला. आईचं हिंदी भाजीबाजारापुरतं होतं. "हात लगाया ना," ती म्हणाली, "तो तोड के ठेवीन. सांगून ठेवते." सिस्टरला अक्षर न् अक्षर समजलं.

आणि मागून, वॉर्डाच्या दारातून, पट्टीने बांधलेली छाती घेऊन संतोष आली. ती भांडायला आली नव्हती. तिचं आत काहीच उरलं नव्हतं. ती फुटक्या काचेच्या चौकटीशी उभी राहिली आणि मी शिकवलेली शिवी तिने दिली, मोठ्याने, पुन्हा पुन्हा, छत फाटेल अशा आवाजात. "मुड़दा बसिवला! मुड़दा बसिवला!" तिच्यामागून बाकीच्या बायका उठल्या. कुणी वाकत, कुणी रांगत. त्यांनी आपापली गाठोडी उचलली.

डॉक्टर धावत आले. खरवसावर त्यांचा बूट घसरला, त्यांनी चौकट धरली. "काकू! हे काय? आपली माणसं अशी वागायला लागली तर..."

"आपली माणसं," आई म्हणाली. "मंग आपली पोरगी ओली काहून होती, डॉक्टर?"

डॉक्टरांनी बुटाचा खरवस चौकटीला पुसला.

संध्याकाळच्या आत आम्हाला इस्पितळाबाहेर काढलं. ताईने घरी पत्रकांच्या गठ्ठ्यांवरच्या त्याच पलंगावर पोरीला दिवसरात्र छातीशी ठेवलं. आई शेगडी पेटवून दोघींना शेकत राहिली आणि मधाची बाटली तिने फडताळात मागे सारली. पोर जगली.

बाबांनी निवेदन लिहिलं. सुंदर अक्षरात: 'महिला रुग्णांना सौजन्याची वागणूक मिळावी.' मी ते त्यांच्यासमोर फाडलं. ओल्या दुपट्याला सौजन्य काय करणार? त्यांनी दुसरी प्रत पाठवली. उत्तर आलं नाही.

टाके काढायला ताईला घेऊन मी परत गेले तेव्हा वॉर्डाच्या टोकाला पाहिलं. काच गेली होती. तिच्या जागी लाकडी फळी ठोकली होती, इस्पितळी हिरव्या रंगाची, आणि लाल त्रिकोणाचं चित्र भिंतीवरून काढून तिच्यावर लावलं होतं. बाळं पुन्हा आत, बायका पुन्हा बाहेर. पूर्वी निदान दिसत तरी होतं. आम्ही आमची मुलगी घेऊन आलो आणि मागे फळी ठेवून आलो. कुणी मला त्या दिवसाला विजय म्हणालं की मला ती फळी दिसते. संतोषची खाट दुसऱ्या कुणाला मिळाली होती.

आज ती पोर, जुई, स्वयंपाकघरात बसून खरवस खाते आहे. तोंड बरबटलेलं, पाय हीटरकडे. इथल्या शेजारच्या पोरांत खेळून आता मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देते. "और चाहिए, नानी. पक्का लास्ट." तिच्या शेजारी ताई बसली आहे, जड, सुजलेल्या पायांची. दुसरं बाळंतपण सासरी करायची रीत. सासूबाईंनी अकोल्याला खोलीसुद्धा तयार ठेवली होती. पण ताई धुक्यातून गाडी बदलत इथे आली, आणि नाव त्याच इस्पितळात घालून आली.

"तिथंच काहून?" आईने विचारलं.

"फळी आहे ना अजून?"

आईने जुईला आणखी एक वडी दिली.

फळी अजून आहे. मी परवाच पाहून आले. म्हणून काल मी बसून माझं पहिलं पत्रक लिहिलं. हिंदीत, मोठ्या अक्षरांत, पदराच्या गाठीत मावेल एवढं. वाचता न येणाऱ्या बाईला शेजारणीने वाचून दाखवता येईल असं. त्यात शोषण हा शब्द नाही, विजय नाही. तीनच ओळी आहेत: पहला दूध गंदा नहीं है. फेंकने मत दो. बच्चा अपने पास माँगो.

खरवसाच्या वासात उठून मी ते ताईला दाखवलं. तिने हात पुसले, कागद उजेडाकडे धरला, एकदा वाचला. मग माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

"माँगो?" ती म्हणाली. "कोणाला मागायचं?"

तिने तो शब्द खोडला, कागद फाटेपर्यंत खोडला. आणि वर लिहिलं: लो.